गळ्यापर्यंत पुरलेली रोपं

पहिल्या वर्षी मी स्ट्रॉबेरीची बारा रोपं लावली आणि तीन आठवड्यांत बाराच्या बारा घालवली. ना कीड पडली, ना ऊन लागलं. लाड नडले.

पुण्यात आमच्या गच्चीवर टोमॅटो झकास येतात. टोमॅटोचं रोप खोल लावलं की खोडाला मुळं फुटतात. तीच अक्कल मी इथं चालवली. रोपं लवंडू नयेत म्हणून पार देठांपर्यंत माती चढवली, वरून थापटली आणि दोन्ही वेळा पाणी घातलं. मातीही अंगणातलीच, काळी आणि चिकट. आठवड्याभरात मधली कोवळी पानं तपकिरी पडली. एक रोप हलकेच ओढून पाहिलं, तर पानांचा झुबका तेवढा हातात आला. मुळं खालीच राहिली. तुटल्या जागी बुळबुळीत लगदा झाला होता.

पुढच्या जानेवारीत पुस्तकांचं गाव बघायला म्हणून भिलारला गेले आणि अर्धा दिवस एका काकांच्या गादीवाफ्यांवर काढला. माझी हकीकत ऐकून ते हसले. "अवो ताई, गळ्यापर्यंत पुरलीत की! जीव सगळा या गड्ड्यात असतोय."

मुळं आणि पानं यांच्या मधला, बोटाच्या पेराएवढा तो आखूड, जाड भाग. पानं, फुलं, फुटवे सगळं तिथूनच निघतं. मुळं पूर्ण झाकायची, गड्डा निम्मा मातीत ठेवायचा आणि वरचा कोंब उघडा सोडायचा. रोप वर राहिलं तर मुळं सुकतात, खाली गेलं तर कोंब कुजतो. लावून झाल्यावर पाणी घाला आणि पुन्हा बघा, कारण माती बसली की पातळी बदलते. हे दुसऱ्यांदा बघणं मी आजही चुकवत नाही.

दुसरी गोष्ट निचऱ्याची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तिथल्या थंडीइतकाच लाल मातीचाही वाटा आहे. काळ्या मातीत पाणी साचून राहतं. मी आता लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं घेते. मुळं उथळ असतात, तेव्हा दहा इंची कुंडी पुरते. पण एका कुंडीत एकच रोप. पाणी बोट खुपसून बघितल्यावरच, आणि कोंबावर न ओतता कडेनं. फळ मातीला टेकलं की सडतं, म्हणून खाली पेंढा किंवा उसाचं पाचट अंथरा.

डिसेंबरात फळांसकट विकायला आलेल्या कुंड्यांवर मी एकदा भाळले होते. होती ती चार फळं खाल्ली, पुढं काही नाही. बियांच्या पाकिटांच्या तर वाटेलाच जाऊ नका. फळ पूर्ण लाल झाल्यावरच तोडा, कारण तोडल्यावर त्यात गोडी भरत नाही. मात्र तोवर बुलबुलांपासून राखायला जाळी हवीच! पुण्याच्या मे महिन्यात माझी रोपं टिकली नाहीत. आता मी दरवर्षी नवीच आणते.

वाईकडच्या रोपवाटिकांत सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं मिळतात. घेताना गड्डा दाबून बघा. टणक लागला तरच पैसे द्या.