खोताची वाडी

मुंबईच्या गिरगावातील खोताची वाडी विद्यार्थ्यांनी अभ्यासूच्या दृष्टीने पाहावी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ती ओळखली जाते. मराठीचीच एक बोली बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी येथे पोर्तुगीज वळणाची लाकडी घरे बांधिली. उतरते कौलारू छप्पर, माडीवर जाणारा बाहेरचा जिना आणि गल्लीस लागून असलेली ओसरी, ही त्यांची लक्षणे होत. ओसरीवर बसलेला मनुष्य येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलल्यावाचून राहत नाही. शेजारधर्म येथे बांधणीतच योजिला आहे. पूर्वी अशी सुमारे ६५ घरे होती. आता ३० हूनही कमी उरली आहेत. त्यांच्या जागी उठणाऱ्या उंच इमारतीस दरवान असतो, ओसरी नसते. वाडी राखू इच्छिणाऱ्यांनी आधी ओसरी राखावी, असे आम्हांस वाटते.