पाण्याचा दाखला

वाघोलीच्या वसाहतीत आम्ही राहावयास आलो त्या वर्षी ऐन दिवाळीत गीझर बंद पडला, आणि दुरुस्तीला आलेल्या मुलाने आतील कॉईल काढून वर्तमानपत्राच्या पानावर ठेवली तेव्हा ती कॉईल आहे हेच ओळखू येईना. चुन्यासारखा पांढुरका, खरखरीत थर तिच्यावर इतका चढला होता की पक्कडीने ठोकताच त्याचे कपचे उडून फरशीभर पसरले. "बोअरचं पाणी आहे ना काका, हे असंच व्हायचं," एवढे बोलून तो कामाला लागला. मी मात्र ते कपचे तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत बसलो, कारण हेच पाणी आम्ही रोज पीत होतो. त्या दिवशी मनात शिरलेल्या भीतीने पुढे दोन वर्षे माझ्या विचारशक्तीचा ताबा घेतला. तिच्यापायी जे घडले ते दुसऱ्या कोणाच्या घरात घडू नये, म्हणून हा सारा तपशील लिहीत आहे.

माझे बालपण पुण्याच्या पेठेत गेले. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस मुठेच्या खोऱ्यातील धरणांत साठून खडकवासल्यावरून शहरात येतो. त्याचा जमिनीशी सहवास अल्प, म्हणून ते पाणी मृदू, आणि साबणाला त्यात भरपूर फेस. शाळेच्या पुस्तकात असल्या पाण्याला 'सुफेन' आणि उलट गुणाच्या पाण्याला 'दुष्फेन' म्हटलेले होते. पण दुष्फेन म्हणजे काय ते अनुभवण्याचा प्रसंग वयाच्या साठीपर्यंत आला नाही. वाघोलीत आमची भिस्त बोअरवर आणि टँकरवर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण. त्याच्या भेगांतून महिनोन्महिने झिरपणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊनच वर येते. २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांत वाघोलीचे नाव दाखल झाले खरे, परंतु सरकारी दप्तरात नाव चढणे आणि तोटीतून धरणाचे पाणी वाहणे यांत फार मोठे अंतर असते, आणि ते अंतर आमच्याकडे टँकरच कापीत होते.

तुरीची डाळ चार शिट्ट्यांत शिजेना, धुतलेले केस राठ होत, आणि मुतखड्याच्या गोष्टी तर जिन्यात रोज ऐकू येत. संस्थेचा सचिव म्हणून माझी निवड झाली ती याच तक्रारींच्या जोरावर. मी ठराव मांडला, वर्गणी जमवली, मोठे सॉफ्टनर यंत्र बसवून घेतले, आणि विरघळलेले क्षार मोजणारे पेनाएवढे एक उपकरण खिशात बाळगू लागलो. यंत्र बसल्यावर साबणाला फेस येऊ लागला, पण उपकरणावरील आकडा जवळजवळ पूर्वीचाच राहिला. तेव्हा यंत्र सदोष आहे असे ठरवून मी पुरवठादाराशी महिनाभर वाद घातला. वस्तुतः सॉफ्टनर क्षार काढून टाकीत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन त्यांच्या जागी सोडियम सोडतो. आणि ते पेन केवळ पाण्याची विद्युत्-वाहकता पाहून एकूण क्षारांचा अंदाज देते. कठीणपणा किती, जंतू आहेत की नाहीत, यांचे त्याला काहीच कळत नाही. इतकी साधी गोष्ट मी विचारून घेतली नव्हती.

याहून मोठी चूक घरातच झाली. पत्नी नित्यनेमाने पिण्याचे पाणी उकळीत असे. उकळल्यावर पातेल्याच्या तळाशी पांढरी साय बसे; ती पाहून मला गीझरची कॉईल आठवे, म्हणून उकळणे बंद कर असे मी तिला सांगितले. "अहो, आमच्या माहेरी पावसाळ्यात कोणी उकळल्याशिवाय पाणी प्यायचं नाही," असे तिने दोनदा सांगून पाहिले. मी ऐकले नाही. पुढे एका टँकरवाल्याचे पाणी आले; चवीला गोड, काचेसारखे स्वच्छ, आणि पेनावर आकडा १९०. मी त्याच संध्याकाळी फलकावर स्वहस्ते सूचना लिहिली की यापुढे पाणी उत्तम आहे, उकळण्याची आवश्यकता नाही. खाली सही आणि संस्थेचा शिक्का.

तीन आठवड्यांनी जोराचा पाऊस झाला. पंपावरचा माणूस सकाळी दारात येऊन म्हणाला, "साहेब, मागचं चेंबर तुंबलंय, अन् खालच्या टाकीला जरा वास मारतोय." मी पेन घेऊन खाली उतरलो, पेलाभर पाणी काढले, आकडा पाहिला: २१०. समाधानाने वर आलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन मजल्यांवरील मुले आजारी होती. माझी सहा वर्षांची नात संध्याकाळपर्यंत सलाईनवर होती. रात्री तिच्या खाटेशी बसलो असता ती पाणी मागे आणि दिलेले घोटभर पाणीही पोटात ठरत नसे. त्या वेळी फलकावरील माझी सही मला सारखी दिसत होती.

टाकी उपसल्यावर भिंतीच्या कोपऱ्यात बोटभर भेग सापडली. चेंबर आणि टाकी यांच्यात चार फुटांचे अंतर. टाकीतील पातळी उतरली की तुंबलेले सांडपाणी त्या भेगेतून आत येई. प्रयोगशाळेच्या अहवालात कठीणपणा निर्दोष होता आणि त्याखालच्या ओळीत ई-कोलाय आढळल्याची नोंद होती. १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. याच मानकात एकूण कठीणपणासाठी लिटरमागे २०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा उद्भव नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने मर्यादाच घातलेली नाही. म्हणजे ज्याला मुभा होती त्याच्यामागे मी दोन वर्षे धावलो, आणि ज्याला मुळीच मुभा नव्हती ते एकदाही तपासले नाही. नात बरी झाली. सर्व मुले बरी झाली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुईलन-बॅरे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली आणि दूषित पाण्याची चर्चा घरोघर सुरू झाली, तेव्हा आमच्यावरील संकट किती थोडक्यात टळले होते हे मला उमगले.

आता ज्यांच्याकडे संस्थेचा कारभार आहे त्यांना सांगावयाचे ते असे. रासायनिक आणि जंतूंची, अशा दोन तपासण्या स्वतंत्रपणे मागा. एकीच्या अहवालावर दुसरीचा निष्कर्ष काढू नका. जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत या तपासण्या होतात. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली वापरावी, तोटी पुसून व थोडा वेळ वाहू देऊन मग भरावी, आतल्या बाजूस बोट लागू देऊ नये, आणि बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत पोचवावी. मी पहिली बाटली घरची, शीतपेयाची नेली होती. तेथील बाईंनी ती शांतपणे परत केली. नमुना टाकीतून एक आणि सर्वांत वरच्या मजल्यावरील स्वयंपाकघरातून एक, असे दोन घ्यावेत, म्हणजे दोष कोठे शिरतो ते कळते. पावसाळ्याच्या तोंडी आणि टँकरचा उद्भव बदलेल तेव्हा तपासणी चुकवू नये. टँकर कोणत्या विहिरीवर भरतो हे लेखी घ्यावे.

सॉफ्टनर अवश्य बसवा. गीझर, कपडे, केस यांना त्याचा उपयोग आहे. फक्त पिण्याची एक वाहिनी त्याला वगळून ठेवा, विशेषतः घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर, कारण त्यातून येणारे सोडियम आपल्या पोटात जाते. पातेल्यातील पांढरी साय ही उकळीने बाहेर पडलेल्या क्षारांची आहे. ती घासून काढावी आणि उकळणे चालू ठेवावे.

आमच्याकडे आता जमिनीखालच्या टाकीत टी. सी. एल. (ब्लीचिंग) पावडर घालण्याचा शिरस्ता आहे, हजार लिटरला पाच ग्रॅम. ती आधी बादलीत कालवून, चोथा खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी तेवढे ओततात आणि अर्धा तास पंप चालू करीत नाहीत. चेंबर टाकीपासून दूर हलवले. रोज सकाळी सातला पंपावरचा माणूस वरच्या मजल्याच्या तोटीचे पाणी नळीत घेऊन क्लोरीन उरले आहे का ते पाहण्यासाठी त्यात ओ. टी.चे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकतो, रंग पिवळा उमटला की नोंदवहीत वेळ लिहून सही करतो. न उमटला तर पंप बंद ठेवून प्रथम माझ्या दाराची घंटा वाजवतो. त्या वहीत माझी सही महिन्यातून एकदाच असते, ती त्याच्या सह्यांच्या खाली.