बोट उचलेपर्यंत

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत एमएस-सीआयटीचे संगणक वर्ग गावोगाव दिसू लागले. नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून रिसोड-मानोऱ्याकडचे शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई माझ्या वर्गात येऊन बसायच्या. कीबोर्डवर अक्षरं तरी छापलेली असतात. माऊसच्या बटणांचे नियम कुठेच लिहिलेले नसतात, म्हणून हात थबकायचा तो तिथे.

१. उजवं बटण काही बिघडवत नाही.
डावं बटण हुकूम देतं, उजवं नुसती यादी उघडून विचारतं की या वस्तूचं काय काय करता येईल. यादी नको असेल तर एस्केप दाबा, संपलं. विंडोज ९५ ने ही सवय घरोघरी नेली. ॲपलने मात्र १९८३ च्या लिसा संगणकापासून एकच बटण ठेवलं होतं, म्हणजे 'कोणतं दाबू' हा प्रश्नच नको. विचार चांगला होता. पण पुढे मॅकवर तीच यादी आणायला कंट्रोल धरून क्लिक करावं लागलं, म्हणजे घोळ माऊसवरून कीबोर्डवर गेला एवढंच.

२. काम दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतं.
समजा 'डिलीट'वर बटण दाबलं आणि तेवढ्यात मन बदललं. बोट उचलायचं नाही. तसंच दाबून ठेवून बाण बाहेर सरकवायचा आणि मग सोडायचं. काहीही पुसलं जात नाही. हे दाखवल्यावर एक निवृत्त गुरुजी खूश होऊन म्हणाले, "म्हणजे सोडलं नाही तोवर आपलंच राज्य म्हना!" त्यांची माऊसची धास्ती त्या दिवशी संपली. वरच्या पट्टीतले मेनू याला अपवाद, ते दाबताक्षणी उघडतात. उजव्या बटणाची यादी विंडोजमध्ये सोडल्यावर येते, मॅकवर दाबल्याबरोबर. तिथे बोट न उचलता हव्या ओळीपर्यंत सरकून सोडलं, की निवड झाली. ज्याने दोन्ही यंत्रं वापरली नाहीत त्याला हा फरक सांगूनही खरा वाटत नाही.

३. डबल क्लिकचं दुखणं दुहेरी आहे.
"सर, दोनदा दाबून राहिलो, पण उघडून नाही राहिलं." हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकलं. विंडोज दोन क्लिकमध्ये अर्धा सेकंद देतं. शेतात राबलेल्या बोटांना तो कमी पडतो, शिवाय मधेच माऊस हलतो. मग ते दोन सुटे क्लिक धरले जातात, आणि फाइल उघडण्याऐवजी तिचं नाव बदलायची चौकट येते. सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करा, नाहीतर एकदा क्लिक करून एंटर मारा. मी एंटरच शिकवतो.
एकदा डबल क्लिक जमलं की माणूस सगळीकडेच तेच करत सुटतो. फाइल किंवा फोल्डर एका क्लिकने निवडला जातो, म्हणून उघडायला दोन लागतात. लिंक आणि बटण निवडून ठेवायचं नसतंच, तिथे एकच पुरे. ऑनलाइन अर्जाच्या 'सबमिट'वर दोनदा दाबलं आणि साइट कच्ची असली, तर अर्जही दोनदा जातो.

४. ओढलेली वस्तू कधी हलते, कधी तिची प्रत होते.
विंडोजमध्ये त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढलं तर फाइल जागची उठून तिकडे जाते. पेनड्राइव्हवर ओढलं तर मूळ राहतं, तिकडे प्रत जाते. लग्नाचे फोटो 'गायब' होतात ते बहुतेक त्याच ड्राइव्हवर ओढल्यामुळेच. बरेच कसलेले लोकही जाणत नाहीत की उजवं बटण धरून ओढलं तर सोडताना विंडोज स्वतःच विचारतं, हलवू की प्रत करू? ओढता ओढता एस्केप दाबलं तर सगळं रद्द.

५. डावखुऱ्याला बटणं उलटी करून द्यावीत.
सेटिंगमध्ये एका क्लिकचं काम. मात्र मग 'डावं दाबा' ही सूचना त्याच्यासाठी चुकीची ठरते, म्हणून अशा वर्गात मी 'तर्जनीखालचं' म्हणतो.

६. चाकाखालीही बटण आहे.
माऊसचा जनक डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जो माऊस दाखवला त्याला तीन बटणं होती. आजच्या माऊसमध्ये तिसऱ्याचं काम चाक करतं. लिंकवर दाबलं की ती नव्या टॅबमध्ये उघडते, टॅबवर दाबलं की तो बंद होतो. लिनक्सवर तर निवडलेला मजकूर चाक दाबताच उमटतो, कॉपी म्हणावंही लागत नाही. विंडोजवरून आलेला माणूस स्क्रोल करताना चाक जरा जोरात दाबतो आणि साहेबांच्या पत्रात मधेच भलतंच वाक्य येऊन बसतं. तिथे कंट्रोल-झेड.