पहिले शील आणि पलटणीतला मुलगा



धम्मवर्गात पंचशीलाचा पाठ घेतला म्हणजे पहिल्या शीलापाशीच अडते. परवा एका मावशींनी विचारले, "गुरुजी, जीव घेणार नाही असं आम्ही दर रविवारी म्हणतो, आन् थोरला तर पलटणीत बंदूक घेऊन उभा हाय. मग आमचं शील खोटं का?" त्यांचे यजमान निवृत्त हवालदार आहेत. ते मागे भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात एक तरुण म्हणाला, "बौद्धाने फौजेत जाऊच नये." दुसरा म्हणाला, "बंदूक धरायला जो भितो तोच असे बोलतो." वर्गात दोन तट पडले.

हा प्रश्न टाळता येणार नाही. आपल्या कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पलटणीची चाकरी केली. परमपूज्य बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्यात आपलीच मुले गेली. म्हणून आज मी तुम्हाला अशा एका समाजाची हकिगत सांगतो की, ज्याच्यापुढे हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे. त्या समाजाचे नाव क्वेकर.

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स नावाच्या एका विणकराच्या मुलाने हा पंथ सुरू केला. ही मंडळी स्वतःला 'मित्र' म्हणवतात. 'क्वेकर' म्हणजे थरथरणारे, हे लोकांनी चेष्टेने ठेवलेले नाव. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पुरोहित नसतो. सगळे शांत बसतात, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, स्त्रीसुद्धा. त्या काळी इंग्रजीतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' होते. वरच्याला 'तुम्ही', खालच्याला 'तू'. क्वेकरांनी सर्वांना 'तू' म्हणायला सुरुवात केली, न्यायाधीशालासुद्धा. मोठ्या माणसापुढे टोपी काढण्याची रीत होती, तीही त्यांनी मोडली. त्यापायी कित्येकांनी तुरुंग भोगला. आपल्या वाडवडिलांना वाकून जोहार घालावा लागत असे. तो जोहार टाकून देताना छातीत काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना टोपीची ही गोष्ट फोडून सांगायला नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. क्वेकर हे मुळात ख्रिस्ती. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, या श्रद्धेवर त्यांचे सारे उभे राहिले. आपला मार्ग अनीश्वरवादी आहे. तेव्हा त्यांच्या श्रद्धेत धम्म शोधू नका. त्यांचे आचरण तेवढे पाहा.

१६५१ साली फॉक्स डर्बीच्या तुरुंगात होता. बाहेर यादवी चालली होती, पार्लमेंटच्या फौजेला माणसे हवी होती. त्याला सांगण्यात आले, कप्तान हो आणि सुटून जा. त्याने नकार दिला. माणसाच्या वासनेतून युद्धे उपजतात आणि युद्धाचे कारणच जिथे उरत नाही अशा जीवनात मी राहतो, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. युद्धाचे मूळ तृष्णेत आहे, हे आपल्याला नवे नाही. त्याला गुन्हेगारांच्या कोठडीत टाकले. पुढे दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर क्वेकरांनी राजाला लेखी निवेदन दिले की, कोणत्याही कारणासाठी आम्ही शस्त्र धरणार नाही.

पण याच फॉक्सभोवती जमलेल्यांत सैनिक पुष्कळ होते. त्याचा मोठा सहकारी जेम्स नेलर हा पार्लमेंटच्या फौजेत नोकरी केलेला माणूस. म्हणजे या पंथाच्या पहिल्या बाकावरच पूर्वी तलवार बाळगलेले लोक बसले होते. विल्यम पेनविषयी एक आख्यायिका आहे. तो सरदारपुत्र, कमरेला तलवार लावण्याची सवय. आता ती ठेवू की नको, असे त्याने विचारले तेव्हा फॉक्स म्हणाला म्हणे, तुला जोवर बाळगवेल तोवर बाळग. ही दंतकथाच आहे. पेनच्या मृत्यूनंतर फार उशिराने ती लिहिली गेली. तरी क्वेकरांनी तलवार हिसकावून घेणाऱ्या गुरूची कथा जपली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता अमेरिकेकडे येऊ. तेथील स्वातंत्र्ययुद्धात नथानिएल ग्रीन नावाचा एक सेनापती होऊन गेला. तो क्वेकर घरात जन्मलेला. लढाईचा मार्ग त्या घरात बसणारा नव्हता, आणि १७७३ सालीच सभेने त्याला दूर केले होते. १५ मार्च १७८१ रोजी नॉर्थ कॅरोलायनात गिलफर्ड कोर्टहाऊस येथे त्याची इंग्रजांशी मोठी लढाई झाली. मैदान इंग्रजांनी मारले, पण त्यांची चारांतली एकाहून अधिक माणसे जायबंदी झाली वा मेली. कॉर्नवॉलिस पुढे निघाला तेव्हा हलवता न येणारे जखमी त्याने मागेच ठेवले. जवळच न्यू गार्डन येथे क्वेकरांची वस्ती होती. ग्रीनने त्यांना पत्र लिहिले. मी तुमच्याच समाजात वाढलो आहे याची आठवण देऊन त्याने जखमींसाठी मदत मागितली. क्वेकरांनी मदत केली, पण त्याच्याच माणसांपुरती नव्हे. इंग्रज आणि अमेरिकन, दोन्हीकडच्या जखमींची त्यांनी शुश्रूषा केली. जखमींबरोबर देवीचा रोग आला, तोही त्यांच्या घरांत शिरला.

जरा विचार करा. ज्याला आपण दूर केले त्याच्याच लढाईतले रक्त पुसायला ते बसले. तू आमचे ऐकले असतेस तर ही वेळ आली नसती, असे ते म्हणू शकले असते. आणि ग्रीननेही, तुम्ही भित्रे घरात बसलात, असे लिहिले नाही. दोघांनीही आपापली जागा सोडली नाही.

पुढची गोष्ट अधिक अवघड आहे, आणि आपल्यासाठी ती फार जवळची आहे. क्वेकर गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १७७६ साली फिलाडेल्फियाच्या त्यांच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास मनाई केली. परंतु गुलामगिरी शेवटी संपली ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने. मग युद्धाचा विरोध करायचा की गुलामगिरीचा? अध्यक्ष लिंकनने ४ सप्टेंबर १८६४ रोजी एलायझा गर्नी या क्वेकर बाईंना लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच कोंडी मांडली. तुम्ही युद्धाच्याही विरुद्ध आणि जुलमाच्याही विरुद्ध, पण जुलूम आता युद्धानेच हटवता येतो, तेव्हा तुमची परीक्षा फार कठीण आहे, असा त्याचा आशय. युद्ध चालवणाऱ्या माणसाने ते न लढणाऱ्यांचे दुःख इतके समजून घ्यावे, हे मला विशेष वाटते. सायरस प्रिंगल नावाच्या तरुण क्वेकरने सक्तीच्या भरतीत बंदूक नाकारली, तेव्हा त्याला हातपाय ताणून जमिनीवर बांधून ठेवले होते. १८६३ च्या नोव्हेंबरात लिंकनच्या हुकमाने तो सुटला. आणि त्याच काळात गुलामांच्या मुक्तीसाठी म्हणून कित्येक क्वेकर तरुणांनी गणवेश चढवला, हेही तितकेच खरे.

या ठिकाणी मी बाबासाहेबांच्या बाजूने उभा राहतो. अहिंसा हे तत्त्व आहे, यांत्रिक नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करायला जागा ठेवते, असे त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात समजावले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. तथागत हिंसेच्या विरुद्ध होते, पण ते न्यायाच्या बाजूचेही होते, हे सांगताना त्यांनी वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद पुढे ठेवला. क्वेकर तितके अंतर चालत नाहीत. अन्यायाखाली चिरडलेल्या माणसाला 'तू हात उचलू नकोस' असे दुसऱ्याने सांगणे मला तरी पटत नाही. पण स्वतः मार खाऊन जो हात उचलत नाही, त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकारही मला दिसत नाही.

पहिल्या महायुद्धात तर ही परीक्षा घरोघर झाली. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी ४३ तरुणांची तुकडी इंग्लंडहून डंकर्कला निघाली. तिचे पुढे नाव पडले फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट. बंदूक नाही, पण जखमींना उचलायचे. वाटेतच 'हर्मिस' हे इंग्रजी लढाऊ जहाज बुडताना दिसले, त्यातल्या खलाशांना वाचवण्यापासून काम सुरू झाले. डंकर्कला रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या शेडमध्ये सुमारे तीन हजार जखमी सैनिक गवतावर पडून होते. घाण, पू, पाण्याची ओरड. ही पोरे तिथेच कामाला लागली. पुढे ते रुग्णवाहू आगगाड्यांवरही राबले. या तुकडीत एक हजाराहून अधिक माणसे आली.

१९१६ साली सक्तीची लष्करभरती झाली. विवेकाला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात तरतूद होती, आणि असे नाकारणारे सुमारे १६,००० निघाले. ते सगळे क्वेकर नव्हते. त्यांतल्या ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला, आणि तिथेच तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलला. कॉर्डर कॅचपूल हा ॲम्ब्युलन्स युनिटमध्ये दीड वर्ष जखमी उचलत होता. सक्ती आली तेव्हा त्याने ते काम सोडले आणि तुरुंग पत्करला. जखमी बरे करून परत आघाडीवरच धाडले जातात, मग हे काम युद्धाचेच नाही का, असा वाद क्वेकरांत तेव्हा होता. तो वाद आजही वाचला तर मन ढवळून निघते.

आता सगळ्यात महत्त्वाचे ऐका. लष्करी वयाच्या इंग्रज क्वेकर पुरुषांपैकी सुमारे एकतृतीयांश त्या युद्धात फौजेत भरती झाले. होय, क्वेकरच. म्हणजे एका आईचा एक मुलगा खंदकात, दुसरा तुरुंगात, असे व्हायला वेळ लागत नव्हता. बहुतेक सभांनी गणवेश घातलेल्यांची नावे पटावरून काढली नाहीत. शांततेचे निवेदनही बदलले नाही. परतल्यावर तेच बाक, तीच शांतता.

मावशींना मी इतके सांगितले की, तुमच्या थोरल्याने सुट्टीवर आल्यावर वंदनेला यावे, पुढे बसावे, आणि पहिले शील इतरांच्या इतक्याच मोठ्याने म्हणावे. त्यातून त्याला जे टोचेल ते टोचू द्या. ते आपल्यालाही टोचले पाहिजे. तरुण मंडळींना सांगितले की, 'भितो' हा शब्द या वर्गात पुन्हा नको.

हवालदारांनी मात्र वर्ग सुटताना एकच विचारले, "गुरुजी, त्या आगगाड्यांत दुश्मनाचे जखमी पण घेत होते का?"

मी म्हणालो, होय, जर्मन जखमीही घेत.

ते "हां" म्हणाले आणि चपला शोधू लागले. पुढच्या वर्गाला सिंह सेनापतीचा संवाद वाचू. ग्रंथ ज्यांच्या घरी असेल त्यांनी तो घेऊन यावा.