दुखऱ्या मनगटाचा खेळाडू

मंडळी, आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरी येत असे. वय चाळिशीच्या पुढे. दिवसभर राबायचा आणि रात्री पाटी घेऊन पहिल्या ओळीत बसायचा. सहा महिन्यांत तो स्वतःचे नाव लिहू लागला. पुढे सुगीच्या दिवसांत मळणी यंत्राच्या पट्ट्यात त्याचा हात सापडला. जीव वाचला, पण उजवे मनगट कायमचे अधू झाले. त्याने वर्गात येणे सोडले.

मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, आत्ता कुठं सही करायला लागलो होतो. आता हातच गेला. तुमची पाटी घेऊन जा."

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मला एका परदेशी खेळाडूची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्याची हकिकत या शेतकऱ्याला सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

१. देश आणि गाव

पृथ्वीच्या गोलावर भारत शोधा. मग गोल फिरवून पार पलीकडे खाली या. तिथे दक्षिण अमेरिका नावाचा खंड आहे. त्याच्या खालच्या टोकाला अर्जेंटिना हा देश आहे. तो भारतापेक्षा थोडासा लहान आहे, पण माणसे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. मोठमोठी गवताळ राने, गहू, सोयाबीन आणि गुरांचे कळप ही तिथली संपत्ती. आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. तिथले लोक स्पॅनिश भाषा बोलतात. फुटबॉल म्हटले की ते तहानभूक विसरतात.

या देशात डोंगरांच्या कुशीत तांदिल नावाचे गाव आहे. तिथे एका टेकडीच्या कडेवर एक प्रचंड धोंडा होता. वारा आला की तो डुलायचा, पण पडत नसे. लांबून लोक तो पाहायला येत. १९१२ साली तो एकाएकी कोसळला. पुढे २००७ साली गावकऱ्यांनी त्याच जागी तसाच दिसणारा नवा धोंडा बसवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा. कोसळणे आणि पुन्हा उभे राहणे या गावाला ठाऊक आहे.

याच तांदिल गावात २३ सप्टेंबर १९८८ रोजी हुआन मार्टिन डेल पोत्रो याचा जन्म झाला. वडील गुरांचे डॉक्टर होते. 'पोत्रो' म्हणजे घोड्याचे शिंगरू. आडनाव शिंगराचे, पण उंची म्हणाल तर साडेसहा फूट! लोक त्याला 'तांदिलचा मनोरा' म्हणू लागले.

तांदिलमध्ये एक साधा क्लब आहे. तिथे मार्सेलो गोमेझ नावाचे एक शिक्षक मुलांना टेनिस शिकवत. गाव फार मोठे नाही, पण तिथून कितीतरी नामांकित खेळाडू निघाले. चांगला गुरू गावात टिकला की असे होते.

२. हा खेळ कसा असतो

टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. दोघांच्या सामन्यात त्याची रुंदी २७ फूट धरतात. मध्ये जाळी बांधलेली असते. दोन खेळाडू जाळीच्या दोन बाजूंना उभे राहतात. तारा विणलेल्या रॅकेटने ते चेंडू एकमेकांकडे टोलवतात. चेंडू जाळीत अडकला किंवा रेषेबाहेर गेला, की समोरच्याला गुण मिळतो. अर्जेंटिनात मैदानावर बहुधा विटांचा तांबडा चुरा पसरलेला असतो.

सामन्याचे भाग पाडलेले असतात. एका भागाला सेट म्हणतात. मोठ्या स्पर्धांत पुरुषांच्या सामन्यात जो आधी तीन सेट जिंकेल तो विजयी. कधी कधी एक सामना चार-पाच तास चालतो. तेवढा वेळ धावायचे, थांबायचे, वळायचे, पुन्हा धावायचे. सारा भार मनगट, खांदा आणि गुडघा यांच्यावर.

धंदेवाईक खेळाडूला महिन्याचा पगार नसतो. जिंकेल तसे बक्षिसाचे पैसे. प्रवास, मुक्काम, शिक्षक, डॉक्टर यांचा खर्च ज्याचा त्याने करायचा. शिवाय सगळ्या खेळाडूंची एक क्रमवारी असते. गेल्या एका वर्षातल्या खेळावरून ती ठरते. वर्षभर घरी बसलात, तर नाव घसरत घसरत तळाला जाते. तुमचे-आमचे रोजंदारीचेच बघा. हात चालतो तोवर चूल पेटते. तसेच हे.

३. वीस वर्षांचा विजेता

२००८ साली हुआन एकोणीस वर्षांचा होता. त्या उन्हाळ्यात त्याने ओळीने चार स्पर्धा जिंकल्या. त्याचा उजव्या हाताचा फटका फार जोरकस होता. चेंडू लोहाराच्या घणाखाली सापडावा तसा निघायचा.

पुढच्या वर्षी, म्हणजे २००९ साली, तो अमेरिकेतल्या न्यू यॉर्क शहरी गेला. जगातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक तिथे होते. तिथे त्याने आधी स्पेनच्या राफेल नदाल याला हरवले. अंतिम सामन्यात समोर होता स्वित्झर्लंडचा रॉजर फेडरर. फेडररने ती स्पर्धा ओळीने पाच वर्षे जिंकलेली होती. हुआन दोनदा मागे पडला, दोनदा त्याने गाठले, आणि चार तासांहून जास्त वेळ खेळून पाचव्या सेटमध्ये तो जिंकला. त्याच्या आधी अर्जेंटिनाच्या गिलेर्मो व्हिलास याने १९७७ साली ही स्पर्धा जिंकली होती. पुरुषांच्या स्पर्धेतला तो मान बत्तीस वर्षांनी पुन्हा त्या देशाला मिळाला. त्या दिवशी हुआनला एकवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. नाही. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

४. मनगट

२०१० च्या जानेवारीत तो जगात चौथ्या क्रमांकावर पोचला. पण उजवे मनगट दुखू लागले होते. तसाच तो ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या स्पर्धेत खेळला. दुखणे वाढले. मे महिन्यात मनगटाचे ऑपरेशन करावे लागले. ते जवळजवळ सारे वर्ष वाया गेले. तो पुन्हा सावरेपर्यंत चौथा नंबर घसरून ४८५ वर गेला होता.

पठ्ठ्याने पहिल्यापासून सुरुवात केली. लहान लहान सामने जिंकत तो वर आला. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्याने देशाला कांस्यपदक मिळवून दिले.

मग दुसरा घाव बसला. या वेळी डावे मनगट! आता कोणी विचारील, उजव्या हाताने खेळणाऱ्याला डाव्या मनगटाचे काय? सांगतो. चेंडू डाव्या अंगाला आला, की तो दोन्ही हातांनी रॅकेट धरून मारायचा. त्या फटक्यात डाव्या हाताचा जोर लागतो. कुऱ्हाड चालवणाऱ्याला विचारा. दोन हातांपैकी एक दुखत असेल, तर घाव बसत नाही.

मार्च २०१४ मध्ये डाव्या मनगटाचे ऑपरेशन झाले. गुण आला नाही. जानेवारी २०१५ मध्ये दुसरे झाले. तरी गुण आला नाही. जून २०१५ मध्ये तिसरे झाले. दोन वर्षे हातातून गेली. त्याचे वय सत्तावीस. खेळाडूची भर उमेद, आणि हा हाताला पट्टी बांधून बसलेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो मैदानावर परत आला, तेव्हा क्रमांक एक हजाराच्याही पलीकडे गेला होता.

हात पूर्वीसारखा झाला का? नाही झाला. दोन हातांचा तो जोरदार फटका आता नीट बसेना. मग त्याने काय केले? डाव्या अंगाला आलेला चेंडू तो एकाच हाताने, खालून कापल्यासारखा, हळू आणि तिरका मारू लागला. असा चेंडू जोरात जात नाही, पण फारसा उसळतही नाही. समोरच्याला वाकून तो उचलावा लागतो. तेवढ्या वेळात हा आपली जागा धरी आणि पुढचा घाव उजव्या हाताने घाली.

मंडळी, हे नीट वाचा. गेलेली ताकद परत येईल म्हणून तो वाट पाहत बसला नाही. उरलेल्या ताकदीत कसे खेळता येईल ते तो शिकला.

५. रिओचे पदक

ऑगस्ट २०१६ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात ऑलिंपिक सामने झाले. हुआनचा क्रमांक तेव्हा १४१. पहिलाच सामना जगात पहिल्या क्रमांकाच्या नोव्हाक जोकोविचशी. त्यात सामन्याच्या दिवशी तो लिफ्टमध्ये अडकला. लिफ्ट म्हणजे माणसांना वरच्या मजल्यावर नेणारा विजेचा पाळणा. चाळीसएक मिनिटे तो आत कोंडलेला होता. बाहेर आला, मैदानावर गेला, आणि त्याने जोकोविचला हरवले! पुढे त्याने नदाललाही हरवले. अंतिम सामन्यात ब्रिटनच्या अँडी मरेने त्याला हरवले. त्याला रौप्यपदक मिळाले. काही महिन्यांपूर्वी जो हजारात नव्हता, त्याच्या गळ्यात हे पदक पडले.

६. देशासाठी

टेनिसमध्ये देशादेशांत एक सामना होतो. त्याला डेव्हिस चषक म्हणतात. १९०० सालापासून तो चालू आहे. आपला भारत १९६६, १९७४ आणि १९८७ साली अंतिम फेरीपर्यंत पोचला, पण चषक हाती आला नाही. अर्जेंटिनाचे दुःखही तसेच होते. १९८१, २००६, २००८ आणि २०११ अशा चार वेळा तो देश शेवटच्या सामन्यात हरला होता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचवी संधी आली. सामने क्रोएशिया देशात, झाग्रेब शहरी होते. म्हणजे परक्याच्या अंगणात. शेवटच्या दिवशी क्रोएशिया पुढे होता. आणखी एक सामना हरला, की सारे संपले. हुआनच्या पुढे होता क्रोएशियाचा मारिन चिलिच. हुआनने पहिला सेट गमावला. दुसराही गमावला. आता एकही सेट गमावून चालणार नव्हते. फुटबॉलचा विख्यात खेळाडू मॅराडोना प्रेक्षकांत बसून आपल्या देशाच्या नावाने ओरडत होता. हुआनने तिसरा सेट घेतला. चौथा घेतला. पाचवाही घेतला! पाच तासांना थोडाच वेळ कमी होता.

दोन्ही देश बरोबरीला आले. मग फेडेरिको डेलबोनिस या त्याच्या सोबत्याने शेवटचा सामना जिंकला. अर्जेंटिनाला पहिल्यांदाच डेव्हिस चषक मिळाला. मोठे नाव हुआनचे झाले, पण शेवटचा घाव डेलबोनिसने घातला, हे विसरू नका. एकट्याने गाडा शेताबाहेर निघत नाही.

७. गुडघा

ऑगस्ट २०१८ मध्ये हुआन जगात तिसऱ्या क्रमांकावर चढला. एवढा वर तो आधी कधीच गेला नव्हता. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनमधल्या शांघाय शहरी सामना चालू असताना तो पडला आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. जून २०१९ मध्ये लंडनला तीच वाटी पुन्हा मोडली. ऑपरेशनांमागून ऑपरेशने झाली.

या वेळी मात्र यश आले नाही. जिद्द कमी पडली असे कुणी म्हणू नये. जिद्द तीच होती, पण गुडघा तो नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या देशाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेस शहरी, तो निरोपाचा सामना म्हणून खेळायला उतरला. समोर कोण होता? तोच सोबती, डेलबोनिस. हुआन हरला. त्याने डोक्याची पट्टी सोडली, मैदानातल्या जाळीवर अडकवली आणि तो रडत बाहेर पडला. प्रेक्षकही रडत होते. डिसेंबर २०२४ मध्ये जोकोविच त्याला निरोप द्यायला मुद्दाम अर्जेंटिनात आला. दोघे हसतखेळत एक शेवटचा सामना खेळले. त्या सुमारास हुआनने लोकांना सांगितले, की आपल्याला जिना चढतानाही गुडघा दुखतो, आणि आता दुखणे थांबावे एवढीच इच्छा आहे.

एकंदर २२ स्पर्धा त्याने जिंकल्या. दुखणी नसती तर किती जिंकला असता, याचा हिशेब करण्यात अर्थ नाही.

शेवटी

ही हकिकत ऐकून आमचा शेतकरी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, पण शेवटी त्यो हरलाच की."

मी म्हटलं, "होय, हरला. शरीरापुढे एक दिवस सगळेच हरतात. पण मनगट गेलं तेव्हाच तो घरी बसला असता, तर रिओचं पदक आणि झाग्रेबचा सामना झाला असता का? तुझा उजवा हात परत येईल असं मी खोटं सांगणार नाही. पण तुझा डावा हात अजून कोरा आहे."

तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी वर्गात येऊन बसला. पाटी डाव्या मांडीवर, पेन्सिल डाव्या हातात. अक्षर वाकडे येत होते. पहिल्या वेळीही ते वाकडेच येत होते. आता तो सोसायटीच्या कागदावर डाव्या हाताने सही करतो. अंगठा उठवत नाही.

आणखी एक सांगतो. दुखणे अंगावर काढू नका. हाताला, पायाला, पाठीला मार लागला तर लौकर डॉक्टरला दाखवा. जिद्द चांगली, पण हाडाला जिद्द कळत नाही. त्याला औषध आणि विसावा लागतो.

शब्दांचे अर्थ

धंदेवाईक – त्याच कामावर पोट भरणारा
क्रमवारी – पहिला, दुसरा, तिसरा अशी लावलेली यादी
विख्यात – पुष्कळ लोकांना माहीत असलेला
रौप्यपदक – दुसऱ्या नंबरला मिळणारे चांदीचे पदक
कांस्यपदक – तिसऱ्या नंबरला मिळणारे काशाचे पदक

वाचा आणि सांगा

१. तांदिलच्या टेकडीवरच्या धोंड्याचे काय झाले?
२. खेळाडू वर्षभर खेळला नाही तर त्याचा क्रमांक का घसरतो?
३. डावे मनगट दुखू लागल्यावर हुआनने खेळात कोणता बदल केला?
४. झाग्रेबमध्ये शेवटचा सामना कोणी जिंकला?
५. तुमच्या गावात दुखापतीनंतर नवी रीत शिकून काम करणारे कोणी आहे का? त्याच्याविषयी पाच ओळी लिहा.