शुल्क, कर्ज आणि पहिला पगार
(रुग्णालयीन सहायकाचा अभ्यासक्रम निवडताना करावयाचा हिशेब)



बारावीचे निकाल लागले की "एका वर्षात हॉस्पिटलमध्ये हमखास नोकरी" अशा जाहिराती जागोजागी दिसू लागतात. आपल्या वस्तीतील अनेक मुले-मुली या क्षेत्राकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. रुग्णसेवा हे मानाचे काम आहे व त्याला माणसे लागतातच. परंतु शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्या नोकरीच्या पगारातून फिटेल काय, याचा हिशेब प्रवेशापूर्वी कागदावर मांडणारी कुटुंबे थोडी. तो कसा मांडावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

१) प्रमाणपत्र कोणाचे?

एएनएम हा २ वर्षांचा व जीएनएम हा ३ वर्षांचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवून दिलेला आहे. मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. ही नोंदणी असेल तरच आरोग्य उपकेंद्रातील आरोग्य सेविकेसारख्या पदासाठी अर्ज करता येतो. याउलट 'मेडिकल असिस्टंट', 'नर्सिंग असिस्टंट', 'पेशंट केअर' अशा नावांची खाजगी प्रमाणपत्रे घेऊन परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही. दवाखान्यात वा नर्सिंग होममध्ये काम मिळू शकते; पण ते मदतनीसाचे. म्हणून माहितीपुस्तकातील 'नर्सिंग' हा शब्द पाहून भुलू नये.

२) खरा खर्च किती?

शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. गणवेश, पुस्तके, परीक्षा शुल्क, खोलीभाडे, खानावळ व प्रवास हे त्यात मिळवावेत. शिवाय शिक्षणासाठी हातचे काम सोडावे लागत असेल, तर बुडालेली मजुरीही खर्चातच धरावी. दुकानात महिना ७,००० रुपये मिळवणारी मुलगी वर्षभर शिकावयास बसली, तर ८४,००० रुपयांची कमाई थांबते.

३) कर्जाचे गणित

उदाहरणादाखल असे धरू, की एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी सुरुवातीलाच १ लाख रुपये कर्ज काढले, व्याजदर १२ टक्के, आणि शिक्षण संपल्यावर आणखी ६ महिने हप्त्याची सवलत मिळाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सवलतीच्या काळात हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. दीड वर्षाचे सरळव्याज १८,००० रुपये होते व देणे १,१८,००० रुपयांवर जाते. ते ५ वर्षांत फेडावयाचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २,६२५ रुपये पडतो. ६० हप्ते मिळून १,५७,५०० रुपये भरावे लागतात.

आता पहिला पगार ९,००० रुपये मिळाला असे धरा. हप्ता वजा जाता ६,३७५ रुपये उरतात. म्हणजे दुकानात ७,००० रुपये मिळवणाऱ्या त्या मुलीच्या हाती वर्षभर शिकूनही पूर्वीपेक्षा कमी रक्कम पडेल, आणि तीही ५ वर्षे! पगारवाढ झाली तर चित्र सुधारेल. पण वाढ होईलच असे कर्जाच्या कागदावर कोणी लिहून देत नाही. हप्ता मात्र लिहिलेला असतो.

४) अमेरिकेतील धडा

अमेरिकेत मेडिकल असिस्टंटची प्रमाणपत्रे देणाऱ्या खाजगी संस्थांचे मोठे पेव फुटले होते. कोरिंथियन कॉलेजेस ही त्यांपैकी एक मोठी कंपनी २०१५ साली बंद पडली. पुढे २०२२ साली तेथील सरकारने तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरचे कर्ज माफ करण्याचे जाहीर केले. तेथील शिक्षण खात्याने २०१४ साली कर्ज व कमाई यांचे प्रमाण पाहणारा नियम केला. २०१९ साली तो रद्द झाला आणि २०२३ साली पुन्हा आणला गेला. त्यातील एक कसोटी अशी, की कर्जाचे वार्षिक हप्ते वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. आपल्या वरील उदाहरणात हे प्रमाण २९ टक्के पडते. ८ टक्क्यांची कसोटी आपल्याकडे लागू नाही. तरी धोका कोठे आहे हे त्यावरून कळते.

५) कर्जाआधीचे मार्ग

कर्ज हा शेवटचा मार्ग असावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचा असतो. संस्थेच्या व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास हा लाभ मिळत नाही, म्हणून प्रवेश कोणत्या फेरीतून होत आहे हे आधी पाहावे. मदतनीसाचेच काम करावयाचे असेल, तर २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'जनरल ड्यूटी असिस्टंट'चे प्रशिक्षण विनाशुल्क देण्यात आले आहे. तसा वर्ग जवळपास चालू आहे काय, याची चौकशी करावी. फुकट मिळणाऱ्या शिक्षणासाठी लाखाचे कर्ज कशाला? आणि कर्ज काढणे भागच असेल, तर सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी राष्ट्रीयीकृत बँक व १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांच्याकडे जरूर जावे.

६) सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

• कोणत्या परिषदेची वा मंडळाची मान्यता आहे? मान्यतेचा आदेश पाहावयास मिळेल काय? मूळ यादीत संस्थेचे नाव आहे काय?
• गेल्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेली मुले कोठे, किती पगारावर काम करतात? त्यांच्यापैकी दोघांना आपण स्वतः भेटलो काय?
• मध्येच शिक्षण सोडल्यास शुल्क परत मिळते काय? मूळ गुणपत्रिका संस्था अडवून तर ठेवणार नाही ना?
• पहिल्या पगारातून हप्ता वजा जाता आजच्यापेक्षा जास्त रक्कम हाती राहील काय?

पालकांनीही हे प्रश्न मुलांसोबत बसून सोडवावेत, कारण शैक्षणिक कर्जात सहकर्जदार म्हणून बहुधा त्यांचीच सही असते.

कर्ज काढून शिकणे वाईट नाही. ज्या शिक्षणाने नोंदणी मिळते आणि पुढची पायरी खुली होते, त्यासाठी काढलेले माफक कर्ज फिटते. जे प्रमाणपत्र पहिल्या पायरीवरच थांबवते, त्यासाठी मात्र कर्ज काढू नये. एका संध्याकाळचा हा हिशेब घरातील पाच वर्षांची ओढाताण वाचवू शकतो. तो प्रत्येकाने अवश्य करावा.