दिव्यांग पाल्यासाठी न्यास : निर्मिती आणि व्यवस्थापन

दिव्यांग अपत्याच्या नावे मुदत ठेव ठेवली, नामनिर्देशनाचा अर्ज भरला, म्हणजे आपले कर्तव्य पूर्ण झाले, असे अनेक पालकांना वाटते. वस्तुतः आपल्या पश्चात तो पैसा कोणी, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली खर्च करावा, याचे उत्तर ठेवपावतीत नसते. नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते. केवळ नामनिर्देशनाने ती त्या रकमेची मालक होत नाही. हे उत्तर लिहून ठेवण्याचे साधन म्हणजे न्यास.

ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे उभारली आणि त्यांच्या खर्चासाठी जमिनींचे उत्पन्न लावून दिले. तेथे वाटसरूंना अन्न आणि आजाऱ्यांना औषध मिळे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. त्यानंतर १८०१ मध्ये दुसऱ्या सरफोजीराजांनी या छत्रांचे दानधर्म अखंड चालू राहावेत, असा आग्रह इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहून धरला. हेतू, उत्पन्न आणि सांभाळणारा, या तिन्ही गोष्टी पक्क्या असल्या तरच दान दात्यानंतरही टिकते.

याच तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाची कल्पना करू. वडील निवृत्त आहेत, मुलगा चोवीस वर्षांचा व स्वमग्न आहे, मुलगी विवाहानंतर पुण्यास असते. स्वतःचे घर आहे आणि ठेवी आहेत. ‘सर्व काही मुलीच्या नावे करू, ती भावाला पाहील,’ असा विचार स्वाभाविक आहे. परंतु त्यात मोठा धोका आहे. मुलीच्या नावे झालेली मालमत्ता कायद्याने तिचीच होते. तिचे अकाली निधन झाल्यास ती तिच्या वारसांकडे जाईल. ती कर्जात सापडल्यास धनकोही त्यावर हक्क सांगतील. न्यासाची मालमत्ता मात्र विश्वस्ताच्या वैयक्तिक कर्जासाठी जप्त होऊ शकत नाही.

येथे दोन भूमिका वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पालक व्यक्तीचा सांभाळ करतो, विश्वस्त मालमत्तेचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. कुंभकोणमच्या रहिवाशांसाठी ही समिती तंजावर जिल्ह्याची होय. अपत्य अठरा वर्षांचे झाल्यावर आई-वडिलांनाही ही नेमणूक घ्यावी लागते. नियुक्त पालकाने सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि प्रत्येक आर्थिक वर्षअखेरीनंतर तीन महिन्यांत हिशेब समितीस सादर करावयाचा असतो. या समितीचे पालकत्व प्रमाणपत्र खाते उघडण्यासाठी व चालविण्यासाठी ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना कळविले आहे. शाखेतील सहकाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

कुटुंबापुरता खाजगी न्यास भारतीय न्यास अधिनियम, १८८२ नुसार स्थापन होतो. हेतू, लाभार्थी आणि न्यासाची मालमत्ता निःसंदिग्ध असावी लागते. हयातीत घर न्यासाकडे द्यायचे असल्यास न्यासपत्र लेखी व नोंदणीकृत हवे. मृत्युपत्राद्वारेही न्यास करता येतो. न्यासपत्रात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात :

१. निवास, औषधोपचार, मदतनीस, प्रशिक्षण आणि करमणूक यांपैकी कशावर खर्च करावा.
२. किमान तीन विश्वस्त, त्यांपैकी एक कुटुंबाबाहेरील; प्रत्येकाच्या जागी पुढे कोण येणार हे नमूद.
३. विश्वस्तास पदमुक्त होण्याची व मानधनाची तरतूद. ती नसल्यास पद स्वीकारल्यावर सहजासहजी सोडता येत नाही आणि मानधनही मागता येत नाही.
४. लाभार्थीच्या पश्चात उरलेल्या मालमत्तेचे काय करावे.

न्यास झाल्यावर खरे काम सुरू होते. न्यासाचे स्वतंत्र पॅन व बँक खाते असावे आणि व्यवहार दोन विश्वस्तांच्या सह्यांनी व्हावेत. समजा, न्यासाकडे ४० लाख रुपये आहेत आणि सरासरी ७ टक्के उत्पन्न मिळते. वर्षाचे २ लाख ८० हजार झाले. दरमहा १५ हजार याप्रमाणे १ लाख ८० हजार खर्च झाल्यास करापूर्वी १ लाख उरतात. ही शिल्लक मूळ निधीत परत घातली, तरच पुढील वीस-तीस वर्षांच्या महागाईस तोंड देता येईल.

कराचा विचार आधीच करावा. लाभार्थी व त्याचा हिस्सा निश्चित असल्यास सामान्यतः लाभार्थीच्या दराने कर लागतो. वाटप विश्वस्तांच्या मर्जीवर सोडल्यास, काही अपवाद वगळता, कमाल दराने लागतो. म्हणून मसुदा वकील व सनदी लेखापाल यांना दाखवूनच पक्का करावा.

शक्य असल्यास आई-वडिलांनी आपल्या हयातीतच लहान रकमेने न्यास सुरू करावा आणि स्वतः विश्वस्त राहून इतर विश्वस्तांबरोबर दोन-तीन वर्षे तो चालवून पाहावा. हिशेब कोण नीट ठेवतो, मुलाच्या सवयी कोणाला कळतात, हे त्या काळात उमगते आणि न्यासपत्रातील उणिवा दुरुस्त करण्याचा मार्ग, तशी तरतूद ठेवली असल्यास, तेव्हा मोकळा असतो. आपल्या पश्चात त्या दाखवून देणे दिव्यांग पाल्यास बहुधा शक्य होणार नाही.